रक्तातील घट : ऱ्हास की स्थलांतर?

व्यायामाने प्रतिकारशक्ती वाढते, हे आपण शाळेच्या मैदानापासून ऐकत आलो. परंतु अतिश्रमाने ती खचते, असेही वैद्यकीय ग्रंथ अनेक वर्षे सांगत होते. हा विरोध कसा उलगडला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

1901 सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये धावलेल्या चौघांच्या रक्तात डॉ. लॅराबी यांना पांढऱ्या पेशींची मोठी वाढ आढळली. त्याच सुमारास जोकिची ताकामिने यांनी ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. या दोन गोष्टींचा संबंध पुढे स्पष्ट झाला.

श्रम सुरू होताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन स्रवतात. रोगग्रस्त पेशींचा नाश करणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशीं’वर त्याचे ग्राही विपुल असतात. संदेश मिळताच या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंती व प्लीहा सोडून काही मिनिटांत रक्तप्रवाहात उतरतात. श्रम थांबल्यावर मात्र तासा-दोन तासांत त्यांची संख्या मूळ पातळीच्याही खाली जाते. दीर्घ श्रमात वाढलेले कॉर्टिसॉल या ओहोटीस हातभार लावते.

हीच घट प्रतिकारशक्तीचा ऱ्हास मानली गेली. 1987 च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी 12.9 टक्के, तर तयारी करूनही न धावलेल्यांपैकी 2.2 टक्के व्यक्तींनी आजाराची तक्रार नोंदविली. त्यामुळे ही समजूत दृढ झाली. मात्र ती नोंद धावपटूंच्या सांगण्यावर आधारलेली होती; प्रयोगशाळेतील तपासणीवर नव्हे.

2008 साली उंदरांतील खूण केलेल्या पेशींचा माग घेतला असता, अतिश्रमानंतर त्या फुप्फुसे, आतड्यांतील लसिकापुंज व अस्थिमज्जा येथे अधिक प्रमाणात सापडल्या. रक्तातून नाहीशा झालेल्या पेशी मेल्या नव्हत्या. पहाऱ्यावर गेल्या होत्या. 2016 साली डेन्मार्कमधील प्रयोगात चाकावर धावणाऱ्या उंदरांतील अर्बुदांची वाढ 60 टक्क्यांहून अधिक घटली. ॲड्रेनॅलिनचा संदेश औषधाने रोखताच हा लाभ लोपला. अर्थात हे प्राण्यांवरील निष्कर्ष आहेत. त्यांवरून माणसाच्या उपचाराचा दावा करता येत नाही.

तेव्हा प्रश्न संप्रेरकाचा नसून काळाचा आहे. व्यायामातील ताण चढतो आणि उतरतो; चिंतेचा व जागरणाचा ताण उतरतच नाही, आणि दीर्घकाळ चढे राहिलेले कॉर्टिसॉल प्रतिकारशक्ती खरोखर क्षीण करते. म्हणून नियमित व्यायामाचे भय बाळगू नये. मात्र श्रमाइतकीच विश्रांती व झोपही शरीराला अगत्याने द्यावी.