बरं वाटू लागलं की गोळी सुटते

स्किझोफ्रेनिया उलटला की घरचे म्हणतात, "सगळं छान चाललं होतं हो, अचानकच झालं." खोदून विचारलं की बहुतेकदा कळतं, गोळ्या मधेच कधीतरी बंद झाल्या होत्या. त्या भांडणातून बंद होत नाहीत, बरं वाटतंय म्हणून होतात. मुलगा रात्री झोपतो, अंधेरीला कामावर जातो, पगार आईच्या हातात देतो. मग ती सुस्ती, ते वाढणारं वजन, हातांची थरथर कशाला सोसायची? त्यात लग्नाची बोलणी चालू असतील तर गोळ्यांची पट्टी आधी कपाटात लपते आणि मग कचऱ्यात जाते.

खरी फसगत पुढे आहे. गोळी सोडल्यावर बहुधा लगेच काही बिघडत नाही. उलट अंग हलकं वाटतं, चेहऱ्यावर तरतरी येते. आजार परततो तो कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. तोवर त्याचं खापर नोकरीतल्या ताणावर नाहीतर कुणाच्या नजरेवर फुटलेलं असतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2012 साली 65 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांचा आजार उलटला, औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांपैकी 64 टक्क्यांचा. म्हणजे गोळी हा विमा नाही. पण ती नसली तर धोका दुपटीहून जास्त.

त्या 27 टक्क्यांचं काय? इथे घराकडे पाहावं लागतं. जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये लंडनमधून मांडलेल्या अभ्यासात, घरी सतत टोमणे, राग किंवा गुदमरवणारी काळजी असलेल्या रुग्णांपैकी 58 टक्क्यांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. इतर घरांत 16 टक्क्यांचा. अशा तापलेल्या घरात आठवड्याला 35 तासांहून जास्त वेळ समोरासमोर गेला, तर धोका आणखी वाढतो, असंही या प्रकारच्या अभ्यासांत दिसलं.

पस्तीस तास! घाटकोपरच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ते तीन दिवसांत भरतात. बाप पहाटेची लोकल पकडून जातो तो रात्री परततो. त्याचा वाटा थोडा. उरते आई. "ऊठ, आंघोळ कर, गोळी घेतलीस का?" हे दिवसातून वीसदा म्हणणारी बाई दुष्ट नसते, थकलेली असते. आजारामुळे आलेला निरुत्साह तिला आळस वाटतो, कारण तिला कुणी तो समजावूनच सांगितलेला नसतो. ऐंशीच्या दशकात चंदीगडमध्ये अशीच पाहणी झाली, तेव्हा भारतीय घरं लंडनपेक्षा पुष्कळ सोशिक निघाली. त्यांतली काही घरं खेड्यांतली होती. वन रूम किचनमध्ये तो सोशिकपणा किती टिकतो, याची मला शंका आहे.

म्हणूनच मुलुंडपलीकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेचं ‘सप्तसोपान’सारखं दिवसाचं केंद्र मोलाचं. शुभार्थीला, म्हणजे रुग्णाला, दिवसभर काम आणि सोबत मिळते, आईलाही काही तास मोकळे मिळतात.

औषध आणि घर दोन्ही सुटलं तर काय होतं, ते बोरिवलीच्या डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानींनी पाहिलं. करवंटीने गटाराचं पाणी पिणाऱ्या एका तरुणावर त्यांनी उपचार केले. तो पदवीधर निघाला. 1988 मध्ये त्यांची ‘श्रद्धा’ ही पुनर्वसन संस्था उभी राहिली. 2018 मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे मिळालं, तोवर रस्त्यावरची हजारो माणसं आपापल्या गावी पोचली होती. या माणसांना घरी पोचवताना कुटुंबाला आजार आणि औषधं समजावणं हा त्या कामाचाच भाग, कारण गोळी पुन्हा सुटली तर माणूस पुन्हा रस्त्यावर.

आजार उलटण्याआधी खुणा दिसतात. झोप उडते, माणूस जेवण टाळतो, शेजारी आपल्याविषयीच बोलतात असं म्हणू लागतो. प्रत्येकाच्या खुणांचा क्रम बहुधा ठरलेला असतो आणि तो घरच्यांना ओळखता येतो. तेव्हाच डॉक्टरांना गाठलं तर पुष्कळदा मात्रा बदलून भागतं. रोजची गोळी चुकत असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं आहेत. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर ‘टेलि मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. आणि 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, पुढे निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कुणी बोलायचं, हे रुग्णाला आधीच लिहून ठेवता येतं. बऱ्याच घरांना हे ठाऊकच नाही; दवाखान्यातून सोडताना तरी ते सांगायला हवं.