तंबू बालातोनकाठी, वाटा किल्ल्यांच्या

बालातोन हे हंगेरीतले आणि मध्य युरोपातलेही सर्वांत मोठे सरोवर. लांबी सुमारे ७७ किलोमीटर, सरासरी खोली मात्र जेमतेम तीन मीटर. पाणी उथळ असल्याने उन्हाळ्यात लवकर कोमट होते आणि काठावरचे कॅम्पिंगचे तळ तंबू व कॅरव्हॅनांनी भरून जातात. उत्तर काठाच्या मागे टेकड्या आहेत आणि त्या परिसरात मध्ययुगीन किल्ले. केस्तहेय ते बादाचोन्य या पट्ट्यात मुक्काम ठोकला, की दिवसाला एक किल्ला पाहून संध्याकाळी तंबूत परतता येते.

यातले बरेच किल्ले एकाच संकटातून उभे राहिले. १२४१ मध्ये मोहीच्या लढाईत मंगोलांनी हंगेरीच्या राजसैन्याचा धुव्वा उडवला. माती-लाकडाच्या तटबंद्या पडल्या, मजबूत दगडी ठाणी तगली. त्यावरून शहाणा झालेला राजा चौथा बेला याने सरदारांना आणि धर्मपीठांना उंचावर दगडी किल्ले बांधायला लावले.

सिग्लिगेत हा त्यांपैकीच एक. १२६० च्या सुमारास पान्नोनहाल्माच्या बेनेडिक्टाइन मठाधिपतीने तो बांधून घेतला. तेव्हा सरोवराची पातळी जास्त होती आणि ही टेकडी चक्क बेट होती. तुर्कांना हा किल्ला कधीच घेता आला नाही. १६९७ मध्ये वीज पडून दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि १७०२ मध्ये सम्राट लिओपोल्डच्या हुकमाने उरलासुरला किल्ला पाडण्यात आला. आज पडक्या भिंतींवरून एका बाजूला सरोवर आणि दुसऱ्या बाजूला माथा सपाट असलेल्या ज्वालामुखीजन्य टेकड्या दिसतात. सह्याद्रीप्रमाणे त्याही बेसाल्टच्या आहेत, पण वयाने पुष्कळच तरुण.

उत्तरेकडचा शुमेग चुनखडीच्या एकाकी टेकडीवर आहे आणि बराच दुरून नजरेत भरतो. १५५२ मध्ये वेस्प्रेम तुर्कांच्या हाती पडल्यावर तिथल्या बिशपने आपले ठाणे इथे हलवले आणि किल्ल्याचे महत्त्व वाढले. तुर्कांना तोही जिंकता आला नाही. १७१३ मध्ये हॅब्सबर्ग सैनिकांनी त्याला आग लावली. विसाव्या शतकात डागडुजी झाल्याने दरवाजे, बुरूज व तट नीट समजतात. हंगामात इथे घोडेस्वारीचे आणि शस्त्रांचे खेळही होतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हाच किल्ला आधी निवडावा.

नाद्यवाझोन्यचा किल्ला डोंगरावर नाही, गावातच आहे. राजा मात्याशने १४७२ मध्ये तो आपला सेनानी पाल किनिझी याला दिला. किनिझीने १४७९ मध्ये केन्येरमेझोच्या लढाईत तुर्कांचा पराभव केला. विजयानंतर शत्रूचे प्रेत दातांत धरून तो नाचला, अशी आख्यायिका आहे. सुमारे ३० मीटर उंचीचा निवासी बुरूज चढून वर जाता येते. प्रार्थनामंदिरात किनिझीच्या लाल संगमरवरी थडग्याचा तुकडा ठेवलेला आहे.

पाऊस लागला तर केस्तहेयचा फेश्तेतिच राजवाडा पाहावा. १७४५ मध्ये सुरू झालेल्या या वास्तूत शंभरावर दालने आहेत आणि तिचे ग्रंथालय प्रसिद्ध आहे.

बुडापेस्टहून रेल्वेने उत्तर काठाने तापोल्त्सापर्यंत येता येते आणि तिथून शुमेगलाही गाडी आहे. सिग्लिगेत आणि नाद्यवाझोन्यसाठी बस किंवा मोटार लागते. मोटारीने महामार्गावर जायचे असल्यास ई-विनेट, म्हणजे ऑनलाइन टोल परवाना, आधी काढावा लागतो. टेकड्यांचा बराच भाग संरक्षित राष्ट्रीय उद्यानात मोडतो, त्यामुळे तंबू अधिकृत तळावरच टाकावा. बहुतेक तळ उन्हाळी हंगामापुरतेच उघडे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते, म्हणून जागा आधी राखून ठेवावी. सिग्लिगेत आणि शुमेगची चढण उन्हाची आहे; ती सकाळीच उरकावी आणि दुपार पोहण्यासाठी मोकळी ठेवावी.