खिशातला झूम कॅमेरा : आकडा पाहावा की उजेड?

कापडाच्या धंद्यात पूर्वी माल हाताने पाहिला जाई. आता तो आधी फोटोत पाहिला जातो. सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, कुठलाही दलाल असो, नमुना मोबाइलवर पाठवतो. इकडे मूर्तिजापूर, कारंजा, दर्यापूरचे गिऱ्हाईकही साडीचा रंग मोबाइलवर पाहूनच दुकानाची पायरी चढते. फोटो आणि माल यांत फरक पडला की माल परत येतो, वाहतुकीचे भाडे दुप्पट बसते आणि गिऱ्हाइकाचा भरवसा जातो तो वेगळाच. विणकर, भरतकाम करणारे, चपला-बॅगा बनवणारे कारागीर यांचीही हीच तक्रार आहे. हातात सोन्यासारखे काम असते, पण फोटोत ते उतरत नाही.

म्हणून अनेक व्यापारी बांधव आम्हाला विचारतात की, मोबाइल पुरेसा आहे की वेगळा कॅमेरा घ्यावा? घ्यायचा तर खिशात मावणारा, प्रवासातही चालणारा कोणता घ्यावा? आणि घरात जुना असेल तर तो बदलून नवा घेण्यात फायदा आहे काय? आम्ही कॅमेऱ्याचे दुकानदार नाही, कापडाचे व्यापारी आहोत. पण आमच्या मालाचे फोटो आम्ही स्वतः काढतो आणि खरेदीच्या दौऱ्यावर कॅमेरा बरोबर नेतो. त्या तजुर्ब्यावरून चार गोष्टी येथे मांडत आहोत.

'एक्स' म्हणजे काय?

ज्याला 'ट्रॅव्हल झूम' म्हणतात तो कॅमेरा सदऱ्याच्या किंवा कोटाच्या खिशात मावतो. त्याचे भिंग बंद केल्यावर आत जाते, चालू केल्यावर बाहेर येते आणि ते काढून दुसरे लावता येत नाही. पॅनासॉनिक कंपनीने २००६ साली 'टीझेड' नावाची मालिका सुरू केली. तिच्या पहिल्या कॅमेऱ्याचा झूम १० एक्स होता. पुढे सर्वच कंपन्यांत आकड्याची शर्यत लागली. २०१८ साली आलेल्या सोनीच्या एचएक्स ९९ चा झूम ३० एक्स होता, तर त्याच वर्षीच्या कॅननच्या एसएक्स ७४० चा ४० एक्स.

हा आकडा साध्या भागाकाराचा आहे. कॅननचे भिंग २४ पासून ९६० मिलिमीटरपर्यंत जाते. ९६० ला २४ ने भागले की ४० येतात. म्हणजे ४० एक्सचा कॅमेरा १० एक्सपेक्षा चौपट चांगला, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. भिंग किती लांबपर्यंत पोहोचते एवढेच तो सांगतो. चित्र कसे येईल याबद्दल तो काही सांगत नाही. कापडाचा पन्हा किती आहे हे कळले म्हणून सूत कसे आहे ते कळत नाही, तसेच हे आहे.

खरी गोष्ट उजेडाची

कॅमेऱ्याचे सूत म्हणजे त्याचा सेन्सर. भिंगातून आलेला उजेड ज्या तुकड्यावर पडतो तो हा. वर सांगितलेल्या ३० आणि ४० एक्सच्या कॅमेऱ्यांतला सेन्सर जेमतेम ६ मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच असतो. दुसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्यांत 'एक इंची' म्हणून ओळखला जाणारा सेन्सर बसवतात. नावाप्रमाणे तो एक इंच नसतो. त्याचे माप १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर. तरीसुद्धा क्षेत्रफळ लहान सेन्सरच्या चौपट भरते. पॅनासॉनिकचे टीझेड १०० आणि टीझेड २००, सोनीची आरएक्स १०० मालिका हे या वर्गातले.

दुसरी गोष्ट भिंगाच्या तोंडाची, म्हणजे ॲपर्चरची. भिंगावर एफ ३.३ ते ६.९ असे आकडे कोरलेले असतात. आकडा लहान असेल तर तोंड मोठे आणि उजेड जास्त. कॅननचे ते ४० एक्स भिंग झूम न करता एफ ३.३ असते आणि पूर्ण लांब केले की ६.९ होते. हिशेब केला तर पूर्ण झूमवर सेन्सरला उजेड चौथ्या हिश्श्याहूनही कमी मिळतो. दुपारच्या उन्हात हे जाणवत नाही. दुकानात, गोदामात किंवा मगरिबनंतर कॅमेरा उजेडाची तूट भरून काढण्यासाठी चित्रात रवा आणतो आणि मग तो रवा पुसण्याच्या नादात कापडाचा पोतही पुसून टाकतो. खादी आणि पॉपलिन एकसारखे दिसू लागतात.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्याचे काम बहुतेक आत, छपराखाली चालते त्याने झूम कमी असला तरी मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यावा. ज्याला उघड्यावर, भर उजेडात लांबचे काही टिपायचे असेल त्यानेच ३०-४० एक्सच्या मागे जावे.

मग व्यापाऱ्याला झूम कशाला?

झूम दूरच्या वस्तूसाठीच असतो, असा समज आहे. कापडवाल्याला त्याचा उपयोग जवळच्या वस्तूसाठी जास्त होतो. मोबाइलचे मुख्य भिंग रुंद पाहणारे असते. पुतळ्याला नेसवलेल्या साडीचा फोटो त्याने जवळून घेतला तर पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो. निऱ्या मोठ्या दिसतात, खांदा लहान. शिवाय फोटो काढणाऱ्याची सावली मालावर पडते ती निराळी. तीन-चार मीटर मागे उभे राहावे, झूम ८५ ते १०० मिलिमीटरच्या आसपास आणावा, म्हणजे काठ, पदर, बुट्टी आपापल्या खऱ्या मापात दिसतात. एवढ्या कामाला ४ एक्सदेखील पुरतो! हल्लीच्या महाग मोबाइलमध्ये लांबचे वेगळे भिंग येते. ते असेल तर हीच युक्ती त्यावर करून पाहावी. जमले तर कॅमेऱ्याचा खर्च वाचला म्हणायचे.

बारीक विणीच्या कापडात आणखी एक पंचाईत होते. ताणा-बाण्याची जाळी आणि सेन्सरवरच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींवर आली की फोटोत लहरी उमटतात. कापडात नसलेले इंद्रधनुषी पट्टे दिसतात आणि गिऱ्हाइकाला वाटते की मालातच ऐब आहे. अशा वेळी अर्धा हात मागे-पुढे सरकावे, झूम थोडा बदलावा किंवा कॅमेरा किंचित तिरपा धरावा. लहरी बहुधा निघून जातात. फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून पाहावा, कारण लहान पाहताना दिसणाऱ्या लहरी कधी कधी नुसत्या पडद्याच्याच असतात.

रंगाची इमानदारी

माल परत येण्याचे सर्वांत मोठे कारण रंग. पिवळ्या बल्बखाली पांढरे कापड बदामी दिसते आणि जांभळे तपकिरी. कॅमेऱ्यात 'व्हाइट बॅलन्स' स्वतः ठरवण्याची सोय आहे की नाही, हे घेण्याआधी पाहावे. फोटोग्राफीच्या दुकानात करड्या रंगाचे कार्ड मिळते. मालाच्या जागी ते धरून कॅमेऱ्याला एकदा रंग शिकवावा, मग फोटो घ्यावेत. कार्डाऐवजी शुभ्र कापड मात्र वापरू नये. त्याला चमक आणणारे रसायन दिलेले असते आणि ते निळसर झाक मारते. हे कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको.

हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांत फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग सेकंदाचा ५० वा किंवा १०० वा भाग ठेवला की पट्टे जातात. यासाठी शटर हाताने ठरवता येईल असा कॅमेरा हवा. सर्वांत उत्तम उजेड मात्र फुकटचाच आहे. दुकानाच्या ओट्यावर, उन्हाच्या आड, सावलीत माल मांडावा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

प्रवासातला उपयोग

खरेदीच्या दौऱ्यात मोठा कॅमेरा आणि भिंगांची पिशवी सांभाळणे व्यापाऱ्याला जमत नाही. हातात आधीच नमुन्यांची गाठोडी असतात. खिशातला कॅमेरा तेथे उपयोगी पडतो. मागावरचा माल, गाठीवरचा नंबर, डिझाइन, सर्व टिपून ठेवता येते. फक्त मालकाची परवानगी घ्यावी, कारण डिझाइन हीच त्याची कमाई असते.

कुटुंबासह चिखलदऱ्याला किंवा कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट पाहायला गेल्यास मोठा झूम कामी येतो. तरी एक लक्षात ठेवावे. कॅमेऱ्यातली हात स्थिर ठेवणारी यंत्रणा आपल्या हाताचे कंप सांभाळते, पळणाऱ्या जनावराला थांबवू शकत नाही. त्याला वेगवान शटर लागते आणि वेगवान शटरला उजेड. पहाटेच्या अंधुकात ४० एक्स असून नसल्यासारखा!

आपल्या मूर्तिजापूरवरून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी नॅरोगेज 'शकुंतला' आज धावत नाही. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ साली गेले आणि डिझेल आले. तेव्हा खिशातला डिजिटल कॅमेरा सर्वसामान्यांच्या हाती नव्हता. ज्यांनी ३६ फोटोंच्या रोलवर ती गाडी टिपली त्यांच्याजवळच आज तिची सूरत आहे. आपले माग, आपले बाजार, वडिलांच्या हातची कारागिरी, यांचेही उद्या तेच होणार आहे. व्यापाराच्या कामातून वेळ काढून तेही टिपून ठेवावे.

बदलताना काय पाहावे

या कॅमेऱ्याचे भिंग बदलता येत नाही. म्हणून 'अपग्रेड' म्हणजे सबंध कॅमेराच नवा घेणे आले. नवा तो चांगला, असे धरून चालू नये. पॅनासॉनिकचा टीझेड १०० हा २०१६ चा आणि टीझेड २०० हा २०१८ चा. दोघांत एक इंची सेन्सर, दोघे २० मेगापिक्सेलचे. नव्यात झूम १० वरून १५ एक्स झाला आणि डोळा लावून पाहायची खिडकी सुधारली. पण भिंगाचे तोंड एफ २.८ वरून ३.३ वर आले, म्हणजे झूम न करता मिळणारा उजेड घटला. लांबचे पाहणाऱ्याला हा बदल फायद्याचा, दुकानात फोटो काढणाऱ्याला नुकसानीचा. त्याच कंपनीने २०२५ साली ३० एक्सचा टीझेड ९९ आणला. त्यात चार्जिंग यूएसबी-सीने होते, पण आधीच्या टीझेड ९५ मधली खिडकी काढून टाकली आहे. कडक उन्हात पडदा दिसत नाही तेव्हा त्या खिडकीची किंमत कळते.

आमचा सरळ हिशेब असा. आधी जुन्या कॅमेऱ्याची नेमकी तक्रार कागदावर लिहावी. रंग चुकत असेल तर करड्या कार्डाने भागते. अंधुक उजेडात रवा येत असेल तर आधी दोन चांगले दिवे आणि तिपाई घेऊन पाहावी. तरी न भागल्यास लहान सेन्सरवरून मोठ्यावर जावे. एका लहान सेन्सरवरून दुसऱ्या लहान सेन्सरवर जाणे म्हणजे बहुधा पैसे पाण्यात!

जुना घेताना

जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली न बदलत्या भिंगाचे १० कोटींहून अधिक कॅमेरे बाजारात गेले. २०२३ साली ते २० लाखांच्याही खाली आले. मोबाइलने बाजार खाल्ला. त्यामुळे नव्या मॉडेलची निवड थोडी उरली आहे आणि अनेकांना जुन्या मालाकडे वळावे लागते. मुंबईचा बोरा बाजार किंवा दिल्लीचा कूचा चौधरी, कुठेही घ्या, पुढील गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पहिली, भिंग पाच-सहा वेळा आत-बाहेर करावे. घरघर झाली किंवा अडकले तर सोडून द्यावे. दुसरी, पूर्ण झूम करून पांढऱ्या कापडाचा फोटो घ्यावा. काळसर डाग दिसले तर आत धूळ गेली आहे. बाहेर-आत सरकणारे भिंग हवेबरोबर धूळ ओढते आणि ती काढायला कॅमेरा पूर्ण खोलावा लागतो. तिसरी, बॅटरी फुगलेली नाही ना आणि त्याच मापाची नवी मिळते ना, हे पाहावे. चौथी, फार जुने कॅमेरे ३२ जीबीपेक्षा मोठे कार्ड घेत नाहीत. आपले कार्ड बरोबर न्यावे.

नवा घेतल्यास पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी मागावी. आखातातून कोणी आणून देणार असेल तर ती वॉरंटी येथे चालते काय, हे आधी विचारावे. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी कॅमेरा घेतला तर बिलावर आपला नंबर घालून घ्यावा आणि या कराची वजावट मिळेल काय ते आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

मूर्तिजापुरात हे कॅमेरे हाताळून पाहायला मिळणे कठीण. मुंबई, नागपूरच्या फेरीत दुकानात जाल तेव्हा आपल्याच मालाचा हातभर तुकडा खिशात ठेवा. तेथेच, दुकानातल्या उजेडात, त्याचा फोटो घ्या आणि पडद्यावर मोठा करून तुकड्याशी ताडून पाहा. सूत मोजता आले आणि रंग जुळला, तर तो कॅमेरा तुमच्या कामाचा.