जुगार बाजूला काढला, खेळाचे काय?

ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने संमत केले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर स्वाक्षरी केली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, मग त्यांत कौशल्य असो, नशीब असो वा दोन्ही, सरसकट बंदी घालणारा हा कायदा. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्यानंतर देशभर चर्चा झाली ती भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून उतरलेल्या नावाची, बुडणाऱ्या करमहसुलाची आणि गेलेल्या नोकऱ्यांची. वास्तविक या कायद्याच्या शीर्षकात ‘प्रोत्साहन’ हा शब्द ‘नियमन’ या शब्दाच्या आधी येतो. हे प्रोत्साहन ज्यांना मिळायचे ते कोण, ते काय करतात आणि कशावर जगतात, याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. मी त्यांच्यापैकी एक आहे.

गेली सोळा वर्षे मी बेंगळूरुत व्हिडीओ गेम घडवण्याचे काम करतो. आपला व्यवसाय काय, हे लोकांना समजावून सांगणे हाही या व्यवसायाचा एक भाग होऊन बसला आहे. ‘डेव्हलपर’ म्हटले की आमच्या शहरात समोरच्याला आधी भूखंड आठवतो. त्याला ‘गेम’ हा शब्द जोडला की रमी. हा गोंधळ नातेवाइकांपुरताच असता तर हसून सोडून देता आला असता. पण कायदा झाल्याच्या पुढच्याच महिन्यात, आमच्यासाठी ग्राहकांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपनीने आमचे खाते ‘अधिक तपासणीसाठी’ गोठवले. आमच्या पहिल्या छोट्या खेळात पैसे लावता येत नाहीत, जिंकताही येत नाहीत. पुस्तकासारखी एकदा किंमत मोजून तो विकत घ्यायचा. कायद्याच्या व्याख्येनुसार असा खेळ निःसंशय वैध आहे. परंतु खाते उघडताना व्यवसायाचा प्रकार निवडण्यासाठी जी यादी होती, तिच्यात आमच्यासाठी ‘गेमिंग’ हा एकच रकाना होता आणि सट्टेवालेही त्याच रकान्यात बसले होते. पैशांच्या खेळाचे व्यवहार हाताळण्यास कायद्याने मनाई केली, तेव्हा त्या कंपनीने सगळा रकानाच बंद करून टाकला. खाते एकोणीस दिवसांनी सुरू झाले. चौघांच्या संस्थेत एकोणीस दिवसांचा अर्थ एका महिन्याचे पगार पुढे ढकलणे असा होतो.

हा शब्द असा नासण्यामागे न्यायालयीन इतिहास आहे. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात कौशल्य आणि जुगार यांच्यातील रेषा आखली आणि १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. स्मार्टफोन आणि यूपीआय घरोघरी पोहोचल्यावर या रेषेच्या अलीकडे पाय रोवून एक प्रचंड व्यवसाय उभा राहिला. स्वतःला ‘सट्टा’ म्हणवून घेणे कोणाला आवडेल? त्याने ‘गेमिंग’ हे नाव घेतले. गुंतवणुकीच्या बातम्यांत, उद्योगाच्या अहवालांत, ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या २८ टक्के जीएसटीच्या वादात, सगळीकडे गेमिंग म्हणजे तेच.

बंदी हवी होती की कडक नियमन, यावर मतभेद असू शकतात. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे वर्ग करून घेतल्या आहेत. मला ठळकपणे दिसते ती माणसांची हानी. देशातले कितीतरी चांगले प्रोग्रामर आणि रचनाकार या व्यवसायाने चढ्या पगारावर उचलले आणि त्यांना एकाच कलेत तरबेज केले: खेळणारा पुन्हा पैसे कधी भरेल, हे ओळखण्याच्या. कायद्यानंतर त्यांच्यापैकी अनेकांचे अर्ज माझ्याकडे आले. मुले हुशार आहेत. एकाला मी विचारले, तुम्ही केलेल्या खेळातली तुमची आवडती जागा कोणती? त्याने मला आलेख दाखवला.

आपल्या गेम-उद्योगाचा दुसरा, अधिक प्रतिष्ठित चेहरा आहे तो परदेशी खेळांसाठी कामे करून देण्याचा. १९९७ मध्ये बेंगळूरुत ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ सुरू झाली. भारतातील पहिल्या गेम-कंपन्यांत तिची गणना होते आणि २०१९ पासून ती ‘रॉकस्टार’ या जगड्व्याळ कंपनीचा भाग आहे. फ्रान्सच्या ‘युबीसॉफ्ट’ने २००८ मध्ये पुण्यात आणि २०१८ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटले. अशाच प्रकारच्या कामात माझी पहिली दहा वर्षे गेली. एका परदेशी खेळातले मोडके लाकडी पिंप मी अकरा दिवस घडवत होतो. आधी लाखो त्रिकोणी पृष्ठांचे, प्रत्येक भेग दाखवणारे पिंप; मग त्याचीच काहीशे पृष्ठांची हलकी प्रतिकृती; मग पहिल्याच्या भेगा दुसऱ्याच्या पृष्ठावर छायाप्रकाशाच्या आभासाने उमटवणे; शेवटी दुरून दिसण्यासाठी त्याहून हलक्या तीन आवृत्त्या. सायंकाळी काम पाठवायचे आणि सकाळी येऊन पाहायचे, तो रात्रीत अभिप्राय आलेला असे: गंज थोडा कमी करा, डावीकडची पट्टी अधिक वाकलेली हवी. शाळा म्हणून ही व्यवस्था उत्तम होती. हात तयार झाला, नजर तयार झाली. पण गोपनीयतेच्या करारामुळे ते पिंप मी आजही कोणाला ‘माझे’ म्हणून दाखवू शकत नाही, खेळाच्या शेवटी झळकणाऱ्या नामावलीत आमच्यापैकी बहुतेकांची नावे नसत, आणि ते पिंप तिथे मुळात का आहे, हे ठरवणारा माणूस या देशात बसत नव्हता.

सेवेतून निर्मितीकडे जाण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे व मुंबईच्या स्टुडिओंकडे सोपवल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पहिल्या झलकेतील दृश्यांवर जगभर टीका झाली आणि मे २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलला गेले. खापर अर्थातच ‘भारतीय दर्जा’वर फुटले. दशकानुदशके सुटे भाग घडवणाऱ्या उद्योगाकडून संपूर्ण यंत्राची अपेक्षा एकदम, तीही जगाच्या डोळ्यांदेखत, केली गेली, असे मला वाटते. त्याच सुमारास पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा चमूचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. गुणवत्तेचा प्रश्न त्याने पुरेसा निकाली काढला. मात्र याच खेळासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा जो प्रयत्न झाला होता, त्यात ठरवलेली रक्कम जमली नव्हती.

आता आमच्या स्वतःच्या खेळाविषयी. कर्नाटकात गावतळ्यांची जुनी व्यवस्था आहे आणि तळ्याचे पाणी शेताशेतांत पाळीने सोडणारा नीरगंटी असतो; महाराष्ट्रात ज्याला पाटकरी म्हणतात, त्याचा हा सख्खा भाऊ. आमच्या खेळात खेळणारा नीरगंटी होतो. तळ्यात किती पाणी आहे, पाऊस कधी येईल, टोकाच्या शेतापर्यंत पाट पोहोचेल का, याचा हिशेब त्याने करायचा. स्वस्त फोनवर एक चित्र ३३ मिलिसेकंदांत तयार झाले नाही, तर पाणी वाहताना अडखळते. फोन तापला की तो आपणहून मंदावतो आणि सगळे गणित कोसळते. यावर तोडगा निघतो, मेहनतीने निघतो. आमचे चार महिने गेले ते वेगळ्याच ठिकाणी.

नीरगंटी हा बहुधा दलित समाजातला. गावाला पाणी वाटणाऱ्या माणसाला गावाच्या विहिरीवर मज्जाव असे, ही गोष्ट खेळात आणायची कशी? संवादांतून सांगितली, तर खेळणारे संवाद न वाचता पुढे जात. चित्रफीत केली, तर ती प्रवचनासारखी वाटे. अखेरीस आम्ही ती नियमात घातली. आमचा नीरगंटी काही गल्ल्यांतून जाऊच शकत नाही. त्याला वळसा घालावा लागतो आणि त्या वळशात पाण्याची पाळी निसटते. कारण आम्ही कुठेही लिहिलेले नाही. चाचणीसाठी बोलावलेल्या पहिल्या दहा-बारा जणांनी ‘इथे रस्ता अडतो, दोष दुरुस्त करा’ अशा तक्रारी नोंदवल्या. त्यांतल्या एकीने दुसऱ्या दिवशी फोन करून आपली तक्रार मागे घेतली.

या चार महिन्यांत विकण्याजोगे काहीही तयार झाले नाही. ज्याला आपण निर्मिती म्हणतो, ती नेमकी याच काळात होते आणि आपल्या कोणत्याही योजनेत या काळाला रकाना नाही. मी ज्या बँकेत गेलो, तिथल्या अधिकाऱ्यांनी सौजन्याने ‘कामाची ऑर्डर’ मागितली. परदेशी कंपनीसाठी पिंपे घडवत असतो, तर ती दाखवता आली असती. खासगी गुंतवणूकदार विचारतात, रोज किती लोक खेळतील. अजून नसलेल्या खेळाचे उत्तर काय देणार? खेळ बाजारात आलाच, तर दुकानाचा वाटा आहे: संगणकावरील ‘स्टीम’वर सर्वसाधारणपणे ३० टक्के, मोबाइलच्या दुकानांत लहान निर्मात्यांसाठी १५ टक्के. त्याबद्दल माझी विशेष तक्रार नाही. तो खर्च विक्री झाल्यावरचा आहे.

सरकार उदासीन आहे, असेही म्हणवत नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात अॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स यांसाठी कृतिदलाची घोषणा झाली, त्याचा अहवाल त्याच वर्षी डिसेंबरात आला. मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्ह्ज’ परिषद झाली, पाठोपाठ तिथे भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. कर्नाटकाने या क्षेत्राचे धोरण २०१२ मध्येच केले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये आपले धोरण मंजूर केले. या साऱ्यांतून ऐकू येणारी भाषा रोजगाराची आहे: किती हात, किती जागा, किती निर्यात. हातांची मोजणी केली की हात तयार होतात. ते कोणासाठी राबणार, हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

फ्रान्समध्ये चित्रपटांसाठीची राष्ट्रीय संस्था व्हिडीओ गेमच्या पूर्वतयारीलाही, म्हणजे खेळ अजून आराखड्यात असताना, अर्थसाह्य देते. २००८ पासून तिथे गेमनिर्मितीसाठी करसवलतही आहे. हे उदाहरण परके वाटत असेल, तर घरचे घ्यावे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून १९६९ मध्ये मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ झाला. त्या महामंडळाचे सगळे पैसे परत आले नाहीत, ते येणारही नव्हते. पण हिंदी चित्रपटाला एक नवी दिशा मिळाली. खेळांसाठी असा निधी काढायचा, तर रक्कम फार मोठी लागणार नाही. चार-पाच जणांच्या चमूला वर्षभर जगता येईल एवढे अनुदान, त्या बदल्यात खेळता येईल असा एक नमुना, आणि मालकी निर्मात्याकडेच. निवड करणाऱ्या समितीत खेळ घडवलेली माणसे हवीत, ही अट मात्र मी सर्वांत वर ठेवीन.

आमच्याकडे मार्चअखेरपर्यंतचे पैसे आहेत. पाण्याचे सगळे गणित ज्याने लिहिले, तो सहकारी पुढच्या महिन्यात एका परदेशी कंपनीच्या कामावर रुजू होतो आहे. घरात दुसरे मूल आले आहे आणि तिथला पगार आमच्या दुपटीहून जास्त आहे. मी त्याला थांब म्हटले नाही. सध्या तो रोज संध्याकाळी दोन तास बसून, पाट कसा वाहतो आणि कुठे फुटतो, हे आम्हा तिघांसाठी सविस्तर लिहून काढतो आहे.