उत्क्रांती कुणी पाहिली?

वर्गात उत्क्रांतीचा धडा सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो : ‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?’ हा प्रश्न केवळ वर्गापुरता राहिलेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी नेमका हाच आक्षेप घेऊन डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याला उत्तर दिले. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. तेव्हा त्या प्रश्नाचे नीट उत्तर देण्याची जबाबदारी शिक्षकांवर येते. ‘पुस्तकात दिले आहे म्हणून’ हे काही उत्तर नव्हे.

रात्री नदीला पूर येऊन गेला, तो कुणी पाहिला नाही. तरी सकाळी काठच्या बाभळींना अडकलेला कचरा आणि पुलाच्या खांबावरची चिखलाची रेघ पाहून पाणी कुठवर चढले होते हे आपण सांगतो. घटना पाहिली नसली तरी तिच्या खुणा पाहता येतात. आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन खुणा एकच हकिकत सांगू लागल्या, तर तिच्यावरचा विश्वास वाढतो. उत्क्रांतीच्या बाबतीत अशा दोन खुणा म्हणजे जमिनीतले जीवाश्म आणि सजीवांची शरीररचना.

जमिनीतला पुरावा

अहिल्यानगरजवळच्या केडगावात विहीर खणायला घेतली तर काय लागते? वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि काळा पाषाण. येथे जीवाश्म मिळण्याची आशा जवळजवळ नसते, कारण हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला लाव्हा थिजून झाला आहे. हजार अंशांहून अधिक तापलेल्या रसात हाड कसे टिकणार? जीवाश्म होण्यासाठी प्राणी मेल्यावर लवकर गाळात पुरला जावा लागतो, म्हणजे पाणी आणि गाळ हवा. जिथे ते होते तिथे महाराष्ट्रातही जीवाश्म मिळाले आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे लाव्हाच्या थरांखालच्या गाळाच्या खडकांत डायनोसॉरची हाडे, एवढेच काय, दगड झालेले शेणही सापडते. लाव्हाच्या दोन उद्रेकांमधल्या शांत काळात जी तळी साचली, त्यांच्या गाळात मुंबईच्या वरळी येथे लहान बेडकांचे सांगाडे मिळाले. अगदी अलीकडचा थर हवा असेल तर केडगावकरांना फार लांब जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात नेवासे येथे प्रवरेच्या काठच्या वाळू-गोट्यांच्या थरांत १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांना दगडी हत्यारांबरोबर रानबैलाचे जीवाश्म मिळाले. हा बैल आज नामशेष झाला आहे. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात नामशेष हत्तीचे अवशेष मिळाल्याची नोंद १९०५ मधली आहे. हे थर हिमयुगांच्या काळातले, म्हणजे सुमारे २५ लाख ते १२ हजार वर्षांपूर्वीच्या दरम्यानचे आहेत.

आता या थरांचा क्रम पाहा. लाव्हाच्या खाली डायनोसॉर आहेत, पण हत्ती किंवा बैल नाही. लाव्हाच्या वर, नदीच्या गाळात हत्ती आणि बैल आहेत, पण डायनोसॉर नाही. जगात कुठेही खणा, हा क्रम उलटा झालेला आढळत नाही. उद्या पिसदुऱ्याच्या मूळ थरात बैलाचे शिंग सापडले तर आम्हा शास्त्रज्ञांना उत्क्रांतीच्या इतिहासाची फेरमांडणी करावी लागेल. सिद्धांत खोटा ठरू शकेल अशी कसोटी उपलब्ध असूनही तो टिकून राहिला, हे त्याचे बळ आहे.

शरीरातला पुरावा

दुसरा पुरावा दारात बांधलेला असतो. शेळी किंवा बैल यांच्या पुढच्या पायाच्या ज्या सांध्याला आपण गुडघा म्हणतो तो खरे म्हणजे मनगट आहे. त्याखालची नळी म्हणजे आपल्या तळहाताची हाडे, आणि दोन खूर म्हणजे तिसऱ्या व चौथ्या बोटांची टोके. खुरांच्या मागे, थोड्या वर ज्या दोन छोट्या नख्या असतात त्या दुसऱ्या व पाचव्या बोटांची खूण होत. नळीचे हाड वरवर एकच दिसते, पण त्यावर उभी खाच असते आणि खालचे टोक दुहेरी असते. गर्भात सुरुवातीला ती दोन वेगळी हाडे असतात, पुढे ती जुळतात.

आपला हात, शेळीचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा वल्ह्यासारखा अवयव यांची कामे अगदी वेगळी आहेत. तरी दंडात एक हाड, पुढे दोन, मग मनगट आणि बोटे हा आराखडा सर्वांत तोच आहे. अशा अवयवांना समजात अवयव म्हणतात. ही कल्पना स्पष्टपणे मांडणारे रिचर्ड ओवेन हे इंग्लंडचे शरीररचनाशास्त्रज्ञ. वरळीच्या बेडकाचे वर्णनही १८४७ मध्ये त्यांनीच केले. विशेष म्हणजे डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये आल्यावर ओवेन त्यांचे कडवे टीकाकार झाले. म्हणजे हा पुरावा डार्विनच्या समर्थकांनी सोयीने गोळा केला, असे म्हणता येत नाही. आराखडा सारखा का, याचे सर्वांत सरळ उत्तर, तो एकाच पूर्वजाकडून आला, हे आहे.

दोन्ही पुराव्यांची गाठ

हे दोन पुरावे खरोखर जुळतात का? याची परीक्षा देवमाशावर झाली. देवमासा पाण्यात राहतो, पण हवेत श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो. त्याच्या शरीरात आजही मागच्या पायांच्या जागी कमरेच्या हाडांचे लहान अवशेष असतात. म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवरचे असले पाहिजेत. जनुकांच्या अभ्यासावरून तो गाय, शेळी, पाणघोडा अशा समखुरी प्राण्यांचा नातलग ठरला. हे खरे असेल तर जुन्या देवमाशांना पाय असले पाहिजेत, आणि त्यांत समखुऱ्यांची खूण दिसली पाहिजे.

ही खूण म्हणजे घोट्यातले एक हाड. शेळीच्या मागच्या पायात उलट्या वाकलेल्या सांध्यात ते असते. बहुतेक सस्तन प्राण्यांत त्याच्या एकाच टोकाला विहिरीच्या कप्पीसारखी खाच असते. समखुऱ्यांत मात्र दोन्ही टोकांना असते. २००१ मध्ये पाकिस्तानात मिळालेल्या सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या आद्य देवमाशांच्या पायांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांत हे हाड होते, आणि त्याला दोन्ही टोकांना कप्पी होती!

पुढची कडी आपल्या देशातली आहे. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू भागातील कालाकोट येथून आणलेल्या खडकांत ‘इंडोहायस’ नावाच्या, लहान हरणाएवढ्या समखुरी प्राण्याचे अवशेष होते. त्यांच्या निधनानंतर ते खडक फोडून अभ्यासले गेले, तेव्हा त्याच्या कानाच्या हाडात देवमाशांचे खास लक्षण आढळले. हा शोध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कच्छमध्येही ४ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे, पाय असलेले देवमासे मिळाले आहेत. शरीराने जे सुचवले ते जमिनीने दाखवून दिले.

जीवाश्मांची साखळी पूर्ण नाही, हा आक्षेप खरा आहे. ती कधी पूर्ण होणारही नाही, कारण केडगावच्या पाषाणाने पाहिले त्याप्रमाणे बहुतेक प्राणी खूण न ठेवताच जातात. पण फाटक्या वहीची उरलेली पाने योग्य क्रमाने लागत असतील, तर हरवलेल्या पानांमुळे ती वही खोटी ठरत नाही.

वर्गात काय करता येईल? खाटकाकडून शेळीची नळी आणि घोट्याचे हाड आणून, उकळून स्वच्छ करावे. ते नको असल्यास जिवंत शेळीचा पाय हाताळून मनगट व बोटे ओळखायला सांगावे. मग मुलांना आपल्या हाताशी तुलना करू द्यावी. आणि ‘माकडाचा माणूस’ हा शब्दप्रयोग तेवढा दुरुस्त करावा : आजची माकडे आपले पूर्वज नव्हेत, एका समान पूर्वजाकडून आलेली ती आपली दूरची चुलत भावंडे आहेत. ‘कुणी पाहिले?’ असे विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवू नये. त्याच्या हातात ते हाड द्यावे आणि ‘तुला यात काय दिसते?’ असे विचारावे.