स्वप्नात जाग येते तेव्हा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी सरली की सानगडी, साकोली, लाखांदूरच्या पट्ट्यात मंडईचे दिवस येतात. रात्रभर दंडार, नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. हा सगळा खेळ आहे हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं, तरी तो खलनायकावर संतापतो, बायाबापड्या डोळे पुसतात. हेच झोपेत घडलं तर? आपण स्वप्न पाहतोय हे स्वप्न चालू असतानाच कळलं तर? इंग्रजीत याला ‘ल्युसिड ड्रीम’ म्हणतात. आपण ‘जागं स्वप्न’ म्हणू.

एरवी स्वप्नात आपल्याला शंका येत नाही. वारलेले आजोबा बांधीत रोवणी करताना दिसतात आणि आपण त्यांच्याशी खुशाल बोलतो. तुकाराम महाराजांना बाबाजींनी स्वप्नात मंत्र दिला, ही कथा सर्वांना माहीत आहे. महाराज अभंगात असंही सांगतात की, गुरूंनी पावशेर तूप मागितलं, पण स्वप्नात त्याचा विसर पडला. मला हे तूप फार मोलाचं वाटतं. स्वप्नातलं विसराळूपण इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कुणी नोंदवलं असेल. जाग्या स्वप्नात मात्र हा विसर ओसरतो.

पण झोपलेला माणूस खरंच सजग आहे, हे बाहेरच्याने ओळखायचं कसं? स्वप्नांच्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल पडतात. डोळे मात्र हलतात. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. अॅलन वर्स्ली या गृहस्थांनी आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि यंत्राने ती खूण कागदावर टिपली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी असेच प्रयोग केले. २०२१ मध्ये तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारले. आठातून सहा गेले किती? एकाने डोळ्यांनीच ‘दोन’ सांगितलं! अर्थात बरोबर उत्तरं पाच प्रयत्नांत एकापेक्षाही कमी वेळा आली, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ असं आपल्याकडे म्हणतात. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते आणि त्यातूनच आपण उठतो, म्हणून ते स्वप्न लक्षात राहतं, इतकंच. जागं स्वप्नही बहुधा याच वेळी पडतं. त्यासाठी उठल्याबरोबर स्वप्न वहीत लिहावं. दिवसा अधूनमधून ‘हे स्वप्न तर नाही?’ असं स्वतःला विचारावं आणि एखादी पाटी दोनदा वाचावी. स्वप्नात अक्षरं बहुधा बदलतात.

याचा उपयोग काय? समजा, कुणाला तलावात बुडण्याचं एकच स्वप्न वर्षानुवर्षं पडतं. ‘हे स्वप्न आहे’ एवढं कळलं तरी तो पळायचं थांबवून पाण्याकडे वळून पाहू शकतो, ‘कशाला आलास?’ असं विचारू शकतो. उत्तर येतं ते त्याच्याच मनातून; त्यात भविष्य नसतं, भानामतीही नसते. पण जे दिवसा स्वतःशी कबूल होत नाही, ते कधीकधी तिथे बोललं जातं. माझ्या मते आत्मशोध म्हणायचा तो एवढाच, आणि तो थोडा नाही. हवेत उडण्याची मौज वेगळी.

मात्र यासाठी झोप मोडू नये. रोवणीच्या दिवसांत थकलेल्या माणसाने तर हा नाद करूच नये. ज्यांना भास होतात, खरं-खोटं यात गल्लत होते, त्यांनी यापासून दूर राहावं. वाईट स्वप्नांनी घरातल्या कुणाची झोपच उडाली असेल, तर अंगारा-धुपाऱ्यात महिने घालवण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावं. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.