नोकरी सोडू नका, तक्रार लिहा!



टिटवाळा, कल्याण, डोंबिवली, ठाणे येथून रोज सकाळी हजारो भगिनी कामावर निघतात. कोणी वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला, कोणी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कोणी इस्पितळात आया, तर कोणी ठेकेदाराकडे साफसफाईला. मुलांच्या फिया, घरभाडे त्यांच्या पगारावर चालते. मुकादम किंवा साहेब अंगचटीला आला तर त्या सांगणार कोणाला? घरी सांगितले तर उत्तर मिळते, "सोड ती नोकरी!" गुन्हा त्याचा आणि पगार बुडणार हिचा! हा कुठला न्याय?

या कायद्यामागे एका कष्टकरी स्त्रीचा लढा आहे. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी कुंभार समाजातील, सरकारी योजनेत 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या. बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. या प्रकरणावरून स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल लागला. त्याची अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी पाठपुरावा केला. त्यावर २०१२ साली निकाल आला. पुढे संसदेने कायदा केला व तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला.

छळ ओळखावा कसा?

नको असलेला स्पर्श व लगट, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रे दाखवणे, तसेच कोणतेही लैंगिक स्वरूपाचे नकोसे वर्तन, मग ते शब्दाने असो वा खुणेने. "ऐकलेस तर कायम करतो, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस" ही धमकीही त्यातच येते. ठेकेदाराच्या, रोजंदारीच्या व घरकाम करणाऱ्या स्त्रियांनाही कायद्याचे संरक्षण आहे.

प्रशिक्षण हे मालकाचे कर्तव्य

कलम १९ प्रमाणे कर्मचाऱ्यांसाठी वेळोवेळी कार्यशाळा घेणे मालकावर बंधनकारक आहे. हजेरीपटावर सह्या घेऊन चहा-बिस्किटे वाटली की प्रशिक्षण झाले, असे नव्हे! ते कामाच्या वेळेत, कामगारांना कळेल अशा भाषेत व्हावे. सफाईवाल्या भगिनीही त्यात हव्यात आणि पुरुषही हवेत. सहकाऱ्याने घाणेरड्या विनोदावर हसू नये, पाहिले ते साक्षीत सांगावे, एवढे शिकला तरी पुष्कळ झाले.

तक्रार कोठे?

दहा किंवा अधिक कामगार असतील तेथे अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष स्त्री असते व निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कामगार दहाहून कमी असतील किंवा मालकच छळ करीत असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचे काम आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. दरम्यान बदली किंवा रजा मागता येते. नाव गुप्त ठेवले जाते. पुरावा अपुरा पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

म्हणून भगिनींनो, तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. आणि बंधूंनो, घरातली लेक, सून, पत्नी सांगू लागली तर "तूच काही केले असशील" असे म्हणू नका. तिचे ऐकून घ्या आणि तक्रार द्यायला तिच्यासोबत जा.